दुपटं कोरडं, तरी घशाशी येतं : मोठ्या बाळाचा सायलेंट रिफ्लक्स पुन्हा पुन्हा का उलटतो

मे महिन्यात नात आठ महिन्यांची होती. रात्री साडेदहाला गाढ झोपलेली पोर सव्वाअकराच्या सुमारास किंचाळून उठायची. डोळे मिटलेले, पाठीची कमान, मान एका बाजूला वाकडी आणि मध्येच ‘गटक’ असा आवाज. आपण आवंढा गिळतो ना, तसा. तोंडात काही नाही, अंगावर काही सांडलेलं नाही, दुपटं कोरडं. उभी धरून खांद्यावर घेतली की दहा मिनिटांत शांत व्हायची, आडवी केली की पुन्हा तेच. आम्ही ठाण्याच्या पाचपाखाडीत जुन्या इमारतीत राहतो. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हाला मोजता येतात, तर आमच्या पोरीचं रडणं त्यांच्यापर्यंत गेल्याशिवाय कसं राहील? तिसऱ्याच दिवशी वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं, “दात येतायत वाटतं?”

दातच असतील म्हणून आम्ही तीन आठवडे काढले. दात आला. खालचा, तांदळाच्या कणीएवढा. रडणं होतं तिथेच.

मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. सून ऐरोलीला जाते, त्यामुळे सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत नात माझ्याकडे. हा त्रास आमच्याकडे सहा महिन्यांत गेला आणि चार वेळा परत आला. दर वेळी आम्ही आधी भलतीकडेच शोधत बसलो, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं प्रमाण माझ्याकडून कुणी घेऊ नये. पण बाळ दिवसाचे अकरा-साडेअकरा तास ज्याच्या मांडीवर असतं त्याला जे दिसतं, ते दवाखान्याच्या दहा मिनिटांत दिसत नाही.

बाहेर काही येत नाही, मग ओळखायचं कसं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. गिळताना ते उघडतं, एरवी मिटलेलं. बाळांमध्ये हे कडं अधूनमधून विनाकारण सैल पडतं आणि पोटातलं दूध, त्यात मिसळलेलं आम्ल, वर चढतं. काही बाळं ते बाहेर टाकतात. त्याला आपण गुळणी म्हणतो, लाळेरं बदलतो आणि विसरून जातो. काही बाळांचं ते घशापर्यंत येतं आणि बाळ ते परत गिळून टाकतं, म्हणजे घसा येताना एकदा पोळतो आणि जाताना पुन्हा एकदा. यालाच सायलेंट रिफ्लक्स म्हणतात. ‘सायलेंट’ हे फक्त दुपट्यापुरतं खरं, घर डोक्यावर घ्यायला पोरीला काही अडचण नव्हती.

दूध वर येणं ही स्वतंत्रपणे बघितली तर साधी गोष्ट आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ४० टक्के बाळांचं दूध वर येतं, ते सहसा जन्मानंतरच्या आठ आठवड्यांच्या आत सुरू होतं आणि दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत आपोआप थांबतं. बाळ बसायला लागतं, घट्ट अन्न खायला लागतं, अन्ननलिका लांब होते, कडं पक्कं होतं. म्हणूनच मोठ्या बाळात हा त्रास दिसला की लोक मानत नाहीत. “आता बसती झालीये, आता कसलं दूध वर येतंय!” हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे.

मोठ्या बाळात आम्हाला दिसलेल्या खुणा सांगते. मधूनच रिकामे आवंढे. जेवणानंतर उचक्या. सकाळी उठल्यावर आवाज घोगरा, दहा वाजता साफ. तोंडाला ताकासारखा आंबट वास. भूक लागलीये म्हणून चमच्यावर झडप घालायची आणि तिसऱ्या घासाला तोंड फिरवायचं, मग पुन्हा मागायचं. सर्दी नसताना नाक भरल्यासारखा घुर्र आवाज. आणि झोपल्यावर तासाभराच्या आत ती किंचाळी.

यातली एकेक खूण दुसऱ्या कशाचीही असू शकते. आठ-नऊ महिन्यांची बाळं आई दिसली नाही म्हणूनही रात्री उठतात, ते वयच तसं असतं. उचलल्यावर तर प्रत्येकच बाळ गप्प होतं. म्हणून मी एक घरगुती परीक्षा केली. रात्री उठली की तिला उभी न धरता मांडीवर आडवीच घ्यायची आणि थोपटायचं. नुसती आई-आजी हवी असेल तर मांडीवर शांत होते. आमची मांडीवर आणखी चवताळायची आणि खांद्यावर आली की निवायची. चार रात्रींपैकी चारही रात्री. याला शास्त्र म्हणू नका, पण डॉक्टरांना सांगायला उपयोग झाला.

त्याहून जास्त उपयोग झाला मोबाइलवर काढलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओचा. मान वाकडी करून अंग पिळवटणं हे रिफ्लक्सच्या बाळांमध्ये दिसतं, पण ते कधी कधी आकडीसारखंही वाटतं आणि दोन्हींतला फरक तोंडी सांगून कळत नाही. सुनेने तो काढून ठेवला म्हणून बरं. मी त्या वेळी तिच्यावर खेकसले होते, “पोर रडतेय आणि तू शूटिंग कसलं करतेस?”

तपासण्यांबद्दल थोडक्यात. सोनोग्राफीत दूध वर येताना दिसलं म्हणून आजार ठरत नाही, निरोगी बाळांतही ते दिसतं. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे मुख्यतः रचनेत दोष आहे का हे बघायला. २४ तास नाकातून नळी घालून आम्ल मोजतात, तीही प्रत्येकाला लागत नाही. आमच्या डॉक्टरांनी यातलं काहीच करायला लावलं नाही. त्यांनी वजनाचा तक्ता मागितला आणि विचारलं, “दिवसभरात काय काय खाते, लिहून आणाल?”

वही

लिहून आणायचं म्हटल्यावर मास्तरणीला काय, हर्षच. दोनशे पानी वही, त्यात हजेरीपटासारखे रकाने: वेळ, काय, किती, कुणी भरवलं, नंतर कशी ठेवली, झोप, रडणं. वही फ्रिजवर, पेन दोऱ्याने बांधलेलं. जो भरवेल त्याने लिहायचं.

मंगळवारचं पान असं होतं. ५.३०, अर्धं केळं, आजी. ६.४५, खिमट पूर्ण वाटी, आजी. ७.४०, आईचं दूध, दोन्ही बाजूंनी. ८.३०, वरणभात, बाबा. ९.४५, डब्याचं दूध १५० मिली, आई. १०.२०, झोप. ११.१५, किंचाळी.

तीन वेगवेगळ्या अक्षरांत, तीन शाईंत. मी ते पान बघत कितीतरी वेळ उभी होते. सव्वाचार तासांत पाच वेळा! आणि आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं की संध्याकाळी पोर फारसं काही खात नाही. मी सून यायच्या आधी तिचं पोट भरून ठेवायची, का तर दमून आलेल्या पोरीला स्वयंपाकघरात जायला लागू नये. सून दिवसभर लांब असते म्हणून आल्या आल्या जवळ घ्यायची. मुलगा आठला येतो, त्याला दिवसात एकदा तरी स्वतःच्या हाताने भरवायचं असायचं, एक घास चिऊचा आणि एक घास काऊचा. आणि रात्री झोप लांबावी म्हणून वरून बाटली. प्रत्येकाची माया आपापल्या जागी ठीक. पोट मात्र एकच, आणि पाच तासांत आडवं होणारं.

भरलेलं जठर ताणलं गेलं की ते कडं जास्त वेळा सैल पडतं, त्यातून बाळ लगेच आडवं झालं की वर यायला चढण उरत नाही. इथे अन्न कोणतं यापेक्षा किती आणि कधी हा प्रश्न होता.

बदल असा केला. खिमट सहाच्या आत, वाटी पाऊण. साडेसातचं आईचं दूध तसंच ठेवलं, ते काढायचा विचारही कुणी केला नाही. साडेआठचा वरणभात बंद. शेवटचं दूध नऊला, १५० च्या जागी ९० मिली, आणि त्यानंतर पाऊण तास जागी. त्यातली पहिली वीस-तीस मिनिटं उभी किंवा सरळ बसलेली, पोट दुमडून नाही. दिवसभराचं एकूण खाणं कमी केलं नाही, जे संध्याकाळी काढलं ते सकाळी आणि दुपारी घातलं. हे महत्त्वाचं आहे, कारण रिफ्लक्सच्या भीतीने बाळाला उपाशी ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत.

मुलगा रुसला. “आई, दिवसात एकदाच भरवतो मी तिला.” मग सकाळची साडेसातची नाचणीची लापशी त्याच्याकडे दिली. आता तो लोकलसाठी धावताना शर्टावर नाचणीचा डाग घेऊन जातो आणि खूश असतो.

पाचव्या रात्री ती पहिल्यांदा दीडपर्यंत झोपली. दहा दिवसांत किंचाळी गेली.

मग परत कशी आली?

जूनमध्ये पहिल्यांदा परत आली, आणि या वेळी दुपारी. जेवून झोपली की अर्ध्या तासात खोकत उठायची. वही बघितली तर वेळा चोख होत्या. शेवटी ‘नंतर कशी ठेवली’ हा रकाना बघितला. सगळीकडे माझंच अक्षर: झोळी.

माझ्या नऊवारीची झोळी, हॉलच्या छताच्या कडीला. मुलगा त्याच झोळीत वाढलाय, म्हणून मला तिचा अभिमान. पण झोळीत बाळ सरळ निजत नाही, त्याचं वेटोळं होतं. हनुवटी छातीला लागते, पोट दुमडतं, गुडघे वर येतात. दुमडलेल्या पोटावर दाब आणि वर मान वाकलेली. रिफ्लक्सलाही वाईट आणि श्वासालाही. शिवाय बसायला लागलेलं बाळ झोळीत उठून बसतं आणि बाहेर पडतं, तो धोका वेगळाच. मी झोळी सोडून धुऊन ठेवून दिली. दोन दिवस पोरगी दुपारची झोपलीच नाही आणि मलाही काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी जमिनीवर घोंगडी आणि चादर टाकली, तिथे झोपली.

इथेच माझी दुसरी चूकही सांगून टाकते. मला स्वतःला पित्ताचा जुना त्रास, मी दोन उशा घेऊन झोपते. म्हटलं, बाळालाही डोक्याखाली उशी दिली की झालं. डॉक्टरांनी साफ नको म्हटलं. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर, उशीशिवाय. रिफ्लक्स असला तरी हेच. उंच केलेल्या उशीवरून बाळ घसरतं आणि मान मुडपते. ऑनलाइन मिळणाऱ्या उतरत्या गाद्याही त्यातच आल्या. दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळांच्या झोपायच्या साधनांवर अमेरिकेने २०२२ साली कायद्यानेच बंदी घातली. “पाठीवर झोपून ओकली तर श्वासात जाईल ना?” हे मी विचारलं होतं. उत्तर असं की पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्याखाली असते, त्यामुळे वर आलेलं श्वासनलिकेत जायला चढावं लागतं. पालथं झोपवलं की उलटं होतं. बाळ आपणहून दोन्हीकडे वळायला लागलं की रात्रभर पहारा देऊन त्याला सरळ करत बसायची गरज नाही, झोपवताना पाठीवर ठेवलं की पुरे.

दुसऱ्यांदा आली जुलैत, सर्दीबरोबर. यात शोधण्यासारखं काही नव्हतं. खोकल्याने पोटावर दाब येतो, शेंबूड गिळला जातो, भूक मोडते, आणि सर्दी ओसरली की हेही ओसरतं. नाकात सलाइनचे थेंब, घास लहान, खाण्याच्या वेळा जास्त. एक मात्र सांगते. खोकला दिसला की दुकानातून सिरप आणू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना वेष्टनावर छापायला आपल्या केंद्रीय औषध नियामकाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. बाटली उलटी करून वाचली तर दिसते.

तिसऱ्यांदाची हकिगत घोडबंदर रोडची. बोरिवलीला सुनेच्या माहेरी जायचं होतं. निघताना पोट भरून पाजलं, लगेच कारच्या सीटमध्ये बांधलं आणि गायमुखच्या घाटाखाली दीड तास अडकलो. त्या सीटमध्ये बाळ बसल्यासारखं दिसतं, पण खरं तर कमरेत मोडून पडलेलं असतं. आंबट वास, आवंढे, रडून रडून लाल. गाडीत सीट हवीच, तिला पर्याय नाही. पण पाजणं निघायच्या तासभर आधी, आणि पोहोचल्यावर तिथेच झोपू न देता बाहेर काढायचं. दोन दिवसांत उतरलं. त्याच आठवड्यात तिला शी कडक होत होती, कुंथताना पोटावर दाब येतो, तेही कारण असणार. केळं कमी करून पपई आणि जेवणाबरोबर पाणी वाढवलं. कमरेला करकचून लावलेला डायपरही सैल केला. हे सगळं एकदम केल्यामुळे नेमकं कशाने उतरलं ते कळलं नाही.

तशीच चूक टोमॅटोच्या बाबतीत झाली. सुनेने वाचलं की आंबट पदार्थांनी वाढतं. मी उत्साहात टोमॅटो, संत्रं, दही, लिंबू, तूप, सगळं एका दिवसात बंद केलं. त्याच दिवशी सर्दी उतरत होती. झाली बरी! मग महिनाभर पोरगी फिक्या खिमटावर. डॉक्टर म्हणाले, “आजी, यातलं कोण दोषी ते कसं कळणार?” एकेक पदार्थ चार दिवसांच्या अंतराने परत सुरू केला. दही चाललं, टोमॅटो चालला, तूप चाललं, संत्र्याचा रस संध्याकाळी नाही चालला. तुमच्या घरी वेगळं निघेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान चार-पाच दिवस थांबा, मध्येच सासूबाईंनी काही सुचवलं तरीही. मी सासूच आहे म्हणून सांगते.

बाकी घरगुती उपायांचं लवकर उरकते. बाळगुटी, ग्राइप वॉटर, ओव्याचं पाणी यांनी रिफ्लक्स थांबतो असा पुरावा नाही. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडायचा आजार, होऊ शकतो. आणि ओवा-शेपाची धुरी माझ्या आईने मला दिली, मी मुलाला दिली, नातीची पहिल्या महिन्यातच बंद केली. धूर कसलाही असो, बाळाच्या घशाला आणि छातीला तो नको. गॅलरीत उभं राहून ओढलेल्या सिगरेटीचा धूरही यात आला.

औषधाचं काय?

वहिनींनी त्यांच्या नातवाची उरलेली अर्धी बाटली आणून दिली होती, आम्ल कमी करायची. प्रेमानेच दिली. मी कपाटात ठेवली आणि डॉक्टरांना दाखवली, ते नशीब. त्यात रॅनिटिडिन होतं. कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या अशुद्धीमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. आपल्याकडे २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं गेलं. उलटी थांबवायचे डॉम्पेरिडोनचे थेंबही घरोघरी सापडतात. हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामामुळे युरोपच्या नियामकाने २०१४ साली त्यावर निर्बंध घातले. हे थेंब एकाच्या बाळाकडून दुसऱ्याच्या बाळाकडे फिरवायची चीज नव्हे.

सध्या जास्त वापरली जाणारी ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल वगैरे औषधं आम्ल कमी करतात, वर येणं थांबवत नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रडक्या, रिफ्लक्सची लक्षणं असलेल्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिलं आणि निम्म्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळं सुधारली. याचा अर्थ औषध कुणालाच नको असा नाही. बाळ खाणंच सोडतंय, वजन अडलंय, अन्ननलिकेला सूज आहे, तिथे डॉक्टर ठरावीक आठवडे देऊन बघतात आणि मग थांबवून बघतात. आम्ल कमी झालं की छातीचे आणि पोटाचे संसर्ग वाढू शकतात, म्हणून ‘चालू राहू दे, नुकसान काय’ असं होत नाही. आम्हाला औषध लागलं नाही, कारण वजन रेषेवर होतं.

काही बाळांमध्ये मुळात गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते आणि ती हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसते. अंगावर इसब, शीमध्ये आव किंवा रक्ताची रेघ, घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा इतिहास, असं काही असेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून बघायला सांगतात. अंगावर पाजत असेल तर आईचंही. इथे म्हैस किंवा शेळी चालेल असं समजू नये, त्या प्रथिनांत इतकं साम्य असतं की बहुतेक बाळांना तेही बाधतं. बिस्किटातली दुधाची भुकटीही दूधच. सुधारलं तर पुन्हा देऊन खात्री करायची, आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नाहीतर बाळाला उगीच वर्षभर दुधावाचून ठेवलं जातं.

आता ज्यासाठी वही उघडत बसायचं नाही, सरळ निघायचं, ते. उलटी हिरवी असेल. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही असेल. बाळ मलूल, टाळू फुगलेली, पोट टम्म. श्वास अडकतोय, ओठ निळे पडतायत. पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळून रडतंय, मधल्या वेळात गळून जातंय आणि शी लाल जेलीसारखी: यात आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं, आणि ते याच पाच-सहा ते नऊ-दहा महिन्यांच्या वयात जास्त दिसतं. आणि रांगतं बाळ अचानक लाळ गाळायला लागलं, गिळेना झालं, तर रिमोटमधला बटण सेल गिळलाय का याचा विचार पहिला. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच जाळायला लागतो. रुग्णवाहिकेसाठी १०८.

याशिवाय, ज्या बाळाला आधी कधीच त्रास नव्हता आणि सहा महिन्यांनंतर नव्याने उलट्या सुरू झाल्या, त्याला ‘रिफ्लक्स’ म्हणून घरी ठेवू नका. लघवीच्या संसर्गापासून बरंच काही असू शकतं. आणि वर्षाचं झाल्यावरही त्रास टिकून असेल तर पुन्हा एकदा नीट तपासून घ्यायचं, हा नियमच धरा.

चौथ्यांदा

आम्ही ते तपासून घेतलं, कारण गणपतीत पहिला वाढदिवस झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आवंढे परत आले. वजन छान, तपासणीत काही नाही. दूध दिवसाला ५०० मिलीच्या आत. वहीतल्या वेळा बरोबर. झोळी नाही, सर्दी नाही, घोडबंदर नाही. तरी रात्री दहाला उचक्या.

वहीत काही मिळेना. मिळालं ते फ्रॉकच्या खिशात. धुवायला टाकताना खिसा उलटा केला तर आत बिस्किटाचा भिजून वाळलेला चुरा, चहाच्या रंगाचा.

संध्याकाळी पाचला हे आणि नात गॅलरीत कबुतरं बघायला बसतात. मी त्या वेळी शेगडीपाशी असते. मी काही न बोलता दाराआड उभी राहिले. बशीत चहा, चहात बिस्कीट, बिस्कीट नातीच्या तोंडात, वरून बशीतला एक घोटही. दोघंही अगदी गुपचूप. “अहो!” म्हटल्यावर यांनी बशी अशी लपवली की चहा लेंग्यावर.

चहातलं कॅफिन ते कडं सैल पाडणाऱ्यांपैकी, असं डॉक्टर म्हणाले. त्याहून वाईट म्हणजे चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि या वयात लोहच कमी पडतं. वर गोड बिस्कीट, तेही सहाच्या जेवणाच्या तोंडावर. यांचं म्हणणं, “एक घोट तर.” मी विचारलं, “रोज?” उत्तर नाही.

चहा बंद झाला. त्याऐवजी गॅलरीत आता साळीच्या लाह्यांचं पीठ, दुधात कालवलेलं, वाटीत दोन चमचे. सहाव्या दिवशी उचक्या गेल्या. वहीत चौथं अक्षर आलंय, ठाणे पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं, वळणदार. कालची नोंद: ‘५.१०, लाह्यांचे पीठ, दोन चमचे, आजोबा. चहा दिला नाही.’

लाह्यांच्या डब्यावरून बघितलं तर चार चमचे तरी गेलेत.